तुरुंगातल्या माणसाची तक्रार: कुठल्या क्रमाने करायची आणि कुठे घसरतं

घरचे लोक विधी सेवेच्या, म्हणजे फुकट कायदेशीर मदतीच्या, टेबलाशी येतात तोवर बहुतेक वेळा पहिला अर्ज देऊन झालेला असतो, आणि तो अधीक्षकांच्याच नावे असतो. ज्यांच्या माणसांविरुद्ध तक्रार, त्यांच्याच आवक-जावक रजिस्टरात ती सकाळी नोंदली जाते. संध्याकाळी बराकी बंद व्हायच्या आत आतल्या पोराला बोलावणं येतं, "काय रे, बाहेर काय काय सांगितलंस?" पोरगा घाबरून लिहून देतो की माझी काही तक्रार नाही. चार दिवसांनी घरचे माझ्यासमोर बसतात. त्या चार दिवसांत पाठीवरचे वळ पिवळे पडलेले असतात आणि फाइलीत सर्वांत वर त्याच्याच सहीचा कागद लागलेला असतो.

तक्रार खरी होती की खोटी हा प्रश्न पुढचा. ती क्रमात मार खाते. खाली लिहिलेला क्रम रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगडच्या लोकांना डोळ्यांपुढे ठेवून दिला आहे. माणूस रत्नागिरीच्या विशेष कारागृहात असो, अलिबागच्या हिराकोट कारागृहात असो, की तळोजाच्या किंवा कोल्हापूरजवळच्या कळंब्याच्या कारागृहात नेलेला असो, पायऱ्या त्याच. संपूर्ण लेखाचा कणा एका वाक्यात सांगायचा तर, तक्रार आत पोचण्याआधी तिची नोंद बाहेर झालेली असली पाहिजे.

आधी हे ओळखा: तक्रारदाराला त्रास कोणत्या वाटेने होतो

मारहाण ही एकच वाट नाही, आणि ती नेहमीची तर नाहीच. काही त्रास कागदावर उमटतो, काही उमटत नाही.

कागदावरचा म्हणजे कारागृह शिस्तभंगाचा अहवाल. १८९४ च्या कारागृह कायद्यातल्या गुन्ह्यांच्या यादीत अधिकाऱ्यावर किंवा दुसऱ्या बंद्यावर जाणूनबुजून खोटा आरोप करणं हाही गुन्हा आहे. बहुतेकांना हे ठाऊक नसतं. म्हणजे पुराव्याशिवाय, तोंडी, संतापात केलेली तक्रार उलटून तक्रारदारावरच नोंदवता येते. मग शिक्षा होते. मिळवलेली माफी, म्हणजे शिक्षेतली सूट, कापली जाते, मुलाकात बंद होते, वेगळ्या कोठडीत ठेवलं जातं. अशी प्रत्येक शिक्षा शिक्षा-पुस्तकात लिहावी लागते. तो कागद त्रासदायक असला तरी त्याला कोर्टात आव्हान देता येतं.

न उमटणारा त्रास जास्त चिवट. बराक बदलली, ज्याच्याशी भांडण त्याच्या शेजारी बिछाना दिला, मुलाकातीला "आज सिस्टम बंद आहे" सांगितलं, कॅन्टीनचे पैसे खात्यावर दिसेनात, दवाखान्यात न्यायला "गार्ड मिळाला नाही". शिक्षा झालेल्या बंद्याला रजेची भीती घालतात. कोकणात ही भीती श्रावणात पेरली तर भाद्रपदात पिकते: "गणपतीला घरी जायचंय ना तुला?" यातली एकेक गोष्ट घेतली तर किरकोळ, आणि प्रत्येकीला प्रशासनाकडे सरळ उत्तर तयार असतं. कधी ते उत्तर खरंही असतं. मनुष्यबळ कमी असतं, आणि दवाखान्यात न्यायला पोलीस गार्ड वेळेवर येतोच असं नाही. म्हणून एका घटनेवरून सूड म्हणू नका. तारखा लावा. तक्रारीच्या आधीचे दोन महिने आणि नंतरचे पंधरा दिवस शेजारी ठेवले की जे आहे ते आपोआप दिसतं.

तिसरी वाट बदलीची. रत्नागिरीतला माणूस उचलून घाटावर नेला की मंडणगड-दापोलीकडच्या म्हाताऱ्या आईला एका मुलाकातीसाठी दोन दिवस आणि हजार-दीड हजार रुपये लागतात. ती जायची थांबली की तक्रारही थांबते.

टप्पा १: तक्रार कोणत्या खणात बसते ते ठरवा

सगळ्या तक्रारी एकाच दारी नेऊ नका.

पहिला खण रोजच्या व्यवहाराचा: पाणी, जेवण, पंखा, मनीऑर्डर, कपडे आत न घेणं. ही तक्रार खुशाल आतच करा, लेखी विनंती अर्ज करून, तुरुंगाधिकाऱ्यांकडे किंवा अधीक्षकांच्या फेरीत. यातल्या बऱ्याच गोष्टी तिथेच मिटतात. यासाठी कोर्टात धाव घेतलीत तर पुढे खरंच गंभीर काही घडेल तेव्हा तुमच्या अर्जाकडे "हे नेहमीचेच" म्हणून पाहिलं जाईल.

दुसरा खण औषध आणि उपचारांचा. मधुमेह, फिट, क्षयरोग, बाळंतपण. इथे आत अर्ज आणि बाहेर नोंद दोन्ही एकाच दिवशी.

तिसरा खण मारहाण, धमकी, पैशांची मागणी, लैंगिक त्रास आणि जातीवरून काम वाटणं. इथे बाहेरची नोंद आधी, आतला अर्ज नंतर. जातीवरून झाडलोट किंवा संडासाचं काम देणं, रजिस्टरात जातीचा रकाना ठेवणं हे सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने घटनाबाह्य ठरवलं आहे. हा भेदभाव चालू आहे का हे पाहण्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि अभ्यागत मंडळ (कारागृहाला भेट देऊन पाहणी करणारं मंडळ) यांनी मिळून नियमित तपासणी करायची आहे. म्हणजे या तक्रारीला बाहेरचं दार निकालानेच दिलेलं आहे.

*सावध:* किरकोळ वाटणारी रेशनची तक्रारही जिवावर बेतू शकते. २०१७ च्या जूनमध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात अंडी-पाव कमी आल्याबद्दल विचारणाऱ्या एका बंदिनीचा मृत्यू झाला. मारहाणीच्या आरोपावरून सहा कर्मचाऱ्यांवर खुनाचा गुन्हा दाखल झाला आणि आत निषेध करणाऱ्या बंदिनींवर दंगलीचा. मोजणी चालू असताना, सगळ्यांसमोर, तोंडी वाद घालू नये हे आतल्या माणसाला निक्षून सांगा. कमी आलं तर तारीख लक्षात ठेवायची आणि वकिलाला सांगायचं.

टप्पा २: मुलाकातीत माहिती काढा, जबाब घेऊ नका

इथे सर्वांत जास्त चुका होतात, आणि त्या मायेपोटी होतात.

काचेपलीकडे पोरगा दिसतो, आई फोन कानाला लावते आणि पहिलाच प्रश्न मोठ्याने विचारते, "मारल्यानी काय रे तुका?" मागे शिपाई उभा असतो. उत्तर ठरलेलं, "नाय गे आये, न्हाणयेत पडलंय." झालं. आता हे उत्तर ऐकणारे तीन साक्षीदार आहेत आणि त्यांतले दोन तुमच्या बाजूचे नाहीत.

सिंधुदुर्गातल्या एका माउलीने हे फार नीट केलं होतं. तिने मारहाणीचं नावच काढलं नाही. "निजतंस खयच्या कुशीर?" म्हणून विचारलं. पोरगा म्हणाला, "पालथो." मग जेवतोस कुठल्या हाताने, संडासला बसता येतं का, एवढंच. बाहेर येऊन तिने पाहिलेलं सांगितलं: उठताना त्याने उजव्या हाताने टेबल धरलं, फोन डाव्या कानाला एकदाही नेला नाही. अर्जाला एवढं पुरलं.

मुलाकातीत काय पाहायचं ते घरून ठरवून जा. चालणं, बसणं-उठणं, चेहरा-मान-मनगट, कोणता हात कमी वापरतो, डोळ्याला डोळा देतो का. विचारायचे प्रश्न तीनच: झोप, जेवण, औषध. बाकी वकील विचारेल, कारण कच्च्या कैद्याला, म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे त्याला, आपल्या वकिलाशी दुसरं कोणी ऐकत नसताना बोलता येतं, ही सोय १८९४ च्या कायद्यातच आहे. शिपायाने पाहावं, ऐकू नये.

ई-मुलाकातीतही हाच नियम. रेकॉर्डिंग आणि स्क्रीनशॉट नकोत. ते पुरावा म्हणून उपयोगी पडण्याआधी तुमची मुलाकात बंद करायला उपयोगी पडतील. कोणी सुटलेला माणूस आतून चिठ्ठी घेऊन आला तर तिच्यावरची माहिती वकिलाला सांगा, चिठ्ठी अर्जाला जोडू नका. चोरून चिठ्ठी पाठवणं हा आतल्या माणसाचा नवा गुन्हा होतो.

*तपासा:* बाहेर पडल्यावर तासाभरात, एसटी स्टँडवर बसून का होईना, वहीत लिहिलंत का? तारीख, वेळ, काय पाहिलं, काय ऐकलं. पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगवेगळ्या पानांवर.

टप्पा ३: कागद गोळा करा

थोडेच लागतात. बंदी क्रमांक, गुन्हा क्रमांक आणि पोलीस ठाणे, खटला कोणत्या कोर्टात आहे व पुढची तारीख, वकिलाचं नाव, जुन्या आजारपणाची कागदपत्रं, मुलाकातीच्या पावत्या. कारागृहात दाखल करताना अंगावरच्या जखमा-खुणांची नोंद घेतली जाते. ती स्वच्छ असेल तर आताच्या जखमा आत आल्यानंतरच्या आहेत हे आपोआप सिद्ध होतं. म्हणून "दाखल करतेवेळची वैद्यकीय नोंद मागवावी" हे वाक्य अर्जात असू द्या.

वकील नसेल तर थांबू नका. कोठडीतल्या माणसाला १९८७ च्या विधी सेवा कायद्याने फुकट वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तालुक्याच्या कोर्टातही समिती असते. फोन करायचा तर १५१००. लोकअभिरक्षक कार्यालयाचे, म्हणजे आरोपींचा फुकट बचाव करणारे विधी सेवेचे, वकील कारागृहात जातच असतात. त्यांना "या बंद्याला मुद्दाम एकट्याने भेटा" एवढं सांगायचं.

टप्पा ४: पहिली नोंद न्यायाधीशासमोर

पहिलं दार कोर्टाचं, आणि ते तीन प्रकारे उघडतं.

(क) पुढची तारीख जवळ असेल तर तारखेवरच. व्हिडिओवरून हजर करणार असतील तर वकिलाने आधी अर्ज द्यावा की आरोपीला प्रत्यक्ष हजर करावं, कारण व्हिडिओच्या खोलीत कारागृहाचा कर्मचारी शेजारीच असतो. प्रत्यक्ष आणलं की सोबतचा गार्ड पोलीस मुख्यालयाचा असतो, कारागृहाचा नसतो. वकील तेवढ्यात नीट बोलून घेऊ शकतो. कोर्टापुढे बंद्याने मोठं भाषण करायचं नाही. "साहेब, मला मारहाणीची तक्रार सांगायची आहे आणि ती नोंदवून घ्यावी," एवढंच.

*तपासा:* त्या दिवशीच्या रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या कामकाजाच्या नोंदीत, ही तक्रार उतरली का? नसेल तर वकिलाने त्याच दिवशी लेखी अर्ज देऊन आदेश मागावा. तोंडी सांगून निघून आलेली तक्रार दुसऱ्या दिवशी शिल्लक नसते. प्रमाणित प्रत काढून ठेवा.

(ख) तारीख लांब असेल तर खटला ज्या कोर्टात आहे तिथे स्वतंत्र अर्ज.

(ग) वकील हाताशी नसेल तर घरच्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे अर्ज. सचिव स्वतः न्यायिक अधिकारी असतात आणि अध्यक्ष प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश. म्हणजे हा अर्ज दिसायला ऑफिसात दिलेला असला तरी पोचतो न्यायाधीशाकडे.

साध्या पत्राला किंमत काय, असं वाटत असेल तर सुनील बत्रा प्रकरण लक्षात ठेवा. तिहार तुरुंगातल्या एका बंद्याने दुसऱ्या बंद्याच्या छळाबद्दल लिहिलेलं पत्र सर्वोच्च न्यायालयाने याचिका म्हणून चालवलं. त्या निकालातल्या दोन सूचना तुमच्या रोजच्या कामाच्या आहेत. एक, तक्रार पेट्या जिल्हा दंडाधिकारी आणि सत्र न्यायाधीश यांच्या देखरेखीखाली असाव्यात. दोन, एकांत कोठडी, सवलती काढून घेणं, शिक्षा म्हणून दुसऱ्या कारागृहात पाठवणं यांपैकी काहीही सत्र न्यायाधीशांनी पाहिल्याशिवाय करायचं नाही. तातडी असेल तर दोन दिवसांच्या आत त्यांना कळवायचं. पेटीची किल्ली प्रत्यक्षात कोणाकडे आहे हे विचारून पाहाच. पेटी कार्यालयाच्या दाराशी आणि किल्ली आतल्याच कोणाच्या खिशात असेल, तर गंभीर तक्रार तिच्यात टाकू नका.

टप्पा ५: अर्ज लिहा, एका पानात

माझ्याकडे आलेल्या अर्जांत एक सात पानी होता. पहिल्या दोन पानांत मुलगा कसा निर्दोष आहे, तिसऱ्यावर पोलीस, चौथ्यावर भावकीतलं जमिनीचं भांडण. मारहाण सहाव्या पानावर आली, तीही "खूप मारले" एवढीच. वाचणाऱ्याचं लक्ष तिसऱ्या पानावर सुटतं. केस खरी की खोटी याचा या अर्जाशी संबंधच नाही. दोषी माणसालाही मारायचं नसतं.

मधला मजकूर साधारण असा असावा:

"माझा मुलगा, न्यायाधीन बंदी (कच्चा कैदी) क्र. ____, दि. ____ पासून ____ कारागृहात आहे. दि. ____ रोजी मी मुलाकातीस गेले असता तो लंगडत चालत होता, डावा हात खांद्याच्या वर नेऊ शकत नव्हता व डाव्या कानामागे सूज होती. हे मी स्वतः पाहिले. दि. ____ रोजी संध्याकाळी बराकी बंद झाल्यानंतर त्यास काठीने मारहाण झाल्याचे मला त्याच्या वकिलांमार्फत समजले. सबब विनंती की, (१) त्याची जिल्हा शासकीय रुग्णालयात वैद्यकीय तपासणी करून अहवाल न्यायालयात मागवावा. (२) दि. ____ रोजीचे सायं. ५ ते रात्री १० पर्यंतचे सीसीटीव्ही चित्रण जतन करण्याचा आदेश व्हावा. (३) विधी सेवा वकिलांना त्याची एकांतात भेट घेऊ द्यावी. (४) न्यायालयास कळविल्याशिवाय त्याची बदली अथवा त्यास शिक्षा करू नये."

यात कोणाचं नाव नाही हे लक्षात आलं का? मुद्दामच नाही. मारणाऱ्याचं नाव बंदी स्वतः कोर्टासमोर किंवा डॉक्टरांसमोर सांगेल. ऐकीव नाव घरच्यांनी लिहिलं आणि चुकलं तर "खोटा आरोप" हे हत्यार समोरच्याच्या हाती जातं. साक्षीदार बंद्यांची नावं तर अजिबात नकोत. ज्या दिवशी अर्जाची प्रत आत जाईल त्या दिवशी त्या सगळ्यांची बराक बदलेल. "इतर बंद्यांचे जबाब वकिलांमार्फत घेता येतील" इतकं पुरे.

कायद्याची कलमं घालायची घाई नको. राज्याच्या विधिमंडळाने डिसेंबर २०२४ मध्ये कारागृहांसाठी नवं विधेयक मंजूर केलं आहे. जुन्या-नव्यातलं कोणतं कलम कुठे लागतं ते वकिलाला ठरवू द्या. चुकीच्या कलमापेक्षा कलमच नसलेला अर्ज बरा.

*सावध:* "माहितीसाठी प्रत" म्हणून मुख्यमंत्री, पालकमंत्री, आमदार, तीन वर्तमानपत्रं अशी शेपटी लावू नका. प्रत्येक कार्यालय ती प्रत "योग्य कार्यवाहीस्तव" खाली ढकलतं आणि ती घरंगळत शेवटी त्याच कारागृहात पोचते. सही अर्जदाराची, पोच दिनांकासह. टपालाने पाठवायचं तर स्पीड पोस्ट. जुनं रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालं आहे.

टप्पा ६: वैद्यकीय तपासणीच्या मागे लागा

इथे घाई खरंच हवी. वळ आठवडाभरात रंग बदलतात आणि मग "जुने" ठरतात. अर्ज दिला त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी, दोन्ही दिवस कोर्टाच्या कारकुनाकडे आदेश निघाला का याची चौकशी करा. आदेश निघाला तर तो कारागृहाला कसा गेला, ईमेलने की हाती, हे विचारून घ्या. "आदेश मिळाला नाही" हे उत्तर फार वेळा ऐकलं आहे.

तपासणी कारागृहाबाहेरच्या सरकारी रुग्णालयात मागा. कारागृहाचा डॉक्टर वाईट असतो असं नाही, पण त्याला रोज त्याच लोकांत काम करायचं असतं. डॉक्टर विचारतील, "कशाने लागलं?" तिथे बंद्याने एकदा "पडलो" म्हटलं की अहवालात तेच उतरतं आणि पुढे सगळं त्या एका शब्दाभोवती फिरतं. वकिलाने आधी भेटून त्याला हे सांगितलेलं असावं, आणि भीती वाटत असेल तर "कोर्टात सांगेन" म्हणायची मुभाही. "पडलो" पेक्षा ते शंभर पटीने चांगलं.

टप्पा ७: आता प्रशासनाला कळवा

बाहेर नोंद झाली की मग अधीक्षकांना लेखी द्या. वगळू नका. पुढे कोणी विचारेल की वरिष्ठांकडे गेला होतात का, आणि "नाही" म्हणावं लागलं तर तुमची बाजू हलकी होते. एक प्रत पुण्याला कारागृह महानिरीक्षकांच्या कार्यालयात. भाषा कोरडी ठेवा: अमुक कोर्टात अमुक तारखेला अर्ज दिला आहे, आपल्या माहितीसाठी. अधीक्षकांपैकी काहींना खालच्या माणसांचं वागणं खरोखरच माहीत नसतं आणि कागद दिसताच ते संबंधिताला दुसऱ्या यार्डात टाकतात. अशा वेळी तक्रार तिथेच सुटली तर सुटू द्या. हट्टाने ताणू नका.

यानंतर आत चौकशी होते. बंद्याला बोलावून जबाब घेतात. तुमच्या माणसाला आधीच सांगून ठेवा: न वाचता सही नाही, कोऱ्या कागदावर तर नाहीच, आणि "वकिलांशी बोलून लेखी देतो" हे वाक्य नम्रपणे, पुन्हा पुन्हा. सही करावीच लागली तर सहीखाली तारीख आणि वेळ घालायची. सही आदल्या रात्री साडेनऊची निघाली तर कोर्टही विचार करतं की हा जबाब रात्री का घेतला.

टप्पा ८: वरची दारं, एका वेळी एक

राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार मराठीत, फुकट आणि घरच्यांकडूनही चालते. घटनेपासून एक वर्षाच्या आत करायची. दोन चुका नेहमीच्या आहेत. पहिली, एकच तक्रार मुंबईच्या आयोगाला आणि दिल्लीच्या आयोगालाही पाठवणं. राज्य आयोगापुढे विषय असेल तर राष्ट्रीय आयोग त्यात चौकशी करत नाही. दुसरी, कोर्टात तोच विषय चालू असताना आयोगाकडे तोच मजकूर पाठवणं. कोर्टात मारहाणीची चौकशी चालू असेल तर आयोगाकडे उपचार न मिळण्याचा किंवा मुलाकात बंद केल्याचा वेगळा मुद्दा न्या, तोही वकिलाला विचारून.

माहिती अधिकाराचा अर्ज जोडीला ठेवा. राज्याच्या नियमाने एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, दहा रुपये शुल्क. जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत उत्तर द्यायचं असतं. तसं अर्जाच्या माथ्यावरच लिहा आणि का ते एका ओळीत सांगा. शिक्षा-पुस्तकातली नोंद मागा, तक्रार पेटी कोणत्या तारखांना कोणी उघडली ते मागा. वैद्यकीय कागद हवे असतील तर बंद्याची लेखी संमती जोडा. सीसीटीव्हीसाठी मात्र माहिती अधिकारावर विसंबू नका, उत्तर येईपर्यंत चित्रण पुसलं गेलेलं असेल. त्याला कोर्टाचाच आदेश हवा. २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा सीसीटीव्हीचा गाजलेला निकाल पोलीस ठाण्यांबद्दल आहे. तो कारागृहाला जसाच्या तसा चिकटवणारे अर्ज मी पाहिले आहेत, त्याने काम होत नाही.

उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर पत्ता बदलला आहे. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरमधल्या सर्किट बेंचकडे आहेत. रायगड आणि ठाणे मुंबईलाच. सावंतवाडीहून रात्रीची गाडी धरून मुंबईच्या फोर्टात उतरलेले एक काका आठवतात. त्यांना दुसऱ्या दिवशी कोल्हापूरची वाट धरावी लागली, आणि त्यांच्या पुतण्याची बदली तोवर झालेली होती.

टप्पा ९: पहिले पंधरा दिवस पहारा ठेवा

अर्ज दिला म्हणून घरी बसू नका. खरा धोका आता सुरू होतो. घरातल्या दोघातिघांनी वाटून घ्या: कोणी मुलाकात चुकवायची नाही, कोणी वकिलाला दर तीन दिवसांनी फोन, कोणी वही. मुलाकात नाकारली तर भांडू नका. लेखी कारण मागा. देणार नाहीत. मग तिथेच उभ्या-उभ्या, अमुक वेळी मुलाकात नाकारली, कारण दिलं नाही, असा कागद लिहून आवक खिडकीत द्या किंवा त्याच दिवशी स्पीड पोस्ट करा. कारागृहाजवळच्या पोस्टाचा त्या तारखेचा शिक्का तुम्ही तिथे होतात हे सांगतो.

बदलीचं कानावर आलं तर रात्र जाऊ देऊ नका. कच्च्या कैद्याची बदली हा नुसता प्रशासनाचा मामला नाही. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगात २००८ साली बळाचा वापर झाल्यावर काही न्यायाधीन बंद्यांना इतर कारागृहांत हलवलं होतं. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलं की खटला चालवणाऱ्या कोर्टाची परवानगी लागते आणि ती देताना कोर्टाने विचार करून निर्णय घ्यायचा असतो, नुसता शिक्का मारायचा नसतो. म्हणून वकिलाने सकाळी कोर्ट उघडताच अर्ज द्यावा: बदलीची परवानगी मागितली आहे का, मागितली असेल तर आरोपीचं म्हणणं ऐकूनच ठरवावं. शिक्षा झालेल्या बंद्यासाठी सुनील बत्रा निकालातली दोन दिवसांची अट दाखवून सत्र न्यायाधीशांकडे जावं लागतं.

बदली होऊन गेलीच तर नव्या जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाला पहिल्या अर्जाची प्रत पाठवा आणि तिथला वकील मागा. वकालतनामा नव्या कारागृहातून सही होऊन यायला वेळ लागतो, म्हणून तो बदलीच्या आधीच दोन प्रतींत सही करून घेतलेला असावा. हे सुचतं एखाद्यालाच.

आणि माणसाने स्वतःच तक्रार मागे घ्यायची म्हटलं तर? रागावू नका. आत त्याला राहायचंय, तुम्हाला नाही. वकिलाला एकट्याने भेटू द्या, कारण समजून घ्या. मग मागे घ्यायची असेल तर ती घ्यावी कोर्टात, न्यायाधीशासमोर, त्याच्या तोंडून. अधीक्षकांच्या टेबलावर दिलेला माघारीचा कागद आणि कोर्टात सांगितलेली माघार यांत फरक एवढाच की कोर्टात कोणीतरी त्याला विचारतं, "हे तू स्वतःहून सांगतोयस ना?"

वही मात्र बंद करू नका. मुलाकातीच्या तारखा लिहीत राहा, तो कुठल्या कुशीवर झोपतो तेही.